निधान

हेस्कॉमच्या बिलाच्या पाठीवर मी तळं काढलंय,
अठरा फूट लांब, दहा रुंद,
शालनच्या छातीएवढं खोल.
पुढच्या बाजूला कन्नडमध्ये युनिट, बाकी, शेवटची तारीख.
मागं माझे बाण.

खालचं पाणी वर जायचं,
वरचं पाझरत खाली यायचं, एवढंच.
पण या ‘एवढंच’मध्ये दोन महिने गेले.

खानापुरात वारा चोर्ल्याकडून येतो.
म्हणजे फणसाची पानं, कुसळं, बुडालेले किडे,
सगळं पूर्वेच्या काठाला जमणार.
तिथं पाण्याला ओठ ठेवायचा, वरवरचं गिळणारा.
तिथून नळी, हौद, पंप,
आणि पंपातून मलप्रभेच्या धुतलेल्या गोट्यांच्या पोटात.
वर वेखंड, लव्हाळा, वाळा.
मुळ्यांनी खायचं ते खावं,
उरलेलं पाणी दगडावरून परत.
(जांभ्याचे तुकडे नकोत, पाणी तांबूस होतं.
हे बादलीत कळलं, तळ्यात नाही, नशीब.)

मष्णू कुंपणावरून म्हणाला, “हिर हाय की परड्यात!”
आहे. पण विहिरीत शालनला
रोज वीस मिनिटं चालता येत नाही.
डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालणं लिहून दिलंय,
पाण्यातलं.

इराण्णानं एक एचपीचा पंप आणला.
बटण दाबलं तसं वेखंड आडवं,
गोटे खडखडले, गाळ वर.
“निधान,” तो म्हणाला, “निधान बेकु, री.”
त्याच्या भाषेत निधान म्हणजे सावकाश.
साठ वर्षं मी दोन्ही शब्द वापरले,
शेजारी शेजारी कधी ठेवले नव्हते.

आता चाळीस वॅटचा आहे,
सात तासांत एक फेरा.
कान दिला तरच ऐकू येतो.

काल शालननं ओंजळभर चिरमुरे टाकले,
पाणी कुठं फिरतं ते बघायला.
काही ओठाकडे गेले, काही वेखंडाखाली रेंगाळले,
आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात दहाबारा
नुसते उभे.
बिलावर तिथंही माझा बाण होता, ठसठशीत.

तिनं साडी वर खोचली,
पहिल्या पायरीवर एक पाऊल ठेवलं,
मग दुसरं, कठड्याला धरून.
चिरमुरे हलले.

बाण खोडला मी.
तिथं लिहिलं :
शालन, सकाळी सात, वीस मिनिटं.