हत्ती, नग एक

उद्यान खात्याच्या वहीत अजून तसंच आहे:
हत्ती, नग एक. कडू मेंदी. उंची सात फूट.
सोंड गेल्या मे महिन्यात वाळली,
टँकर नऊ दिवस फिरकलाच नव्हता चेंबूरकडे.

धाकू झोरे सकाळी साडेसहाला शिडी लावतो.
कात्री आधी हवेत दोनदा कचकच,
न्हाव्यासारखी,
मग पानांत.
पोटाखालची तार उघडी पडलीय, गंजलेली,
तिथं तो हात फिरवून पुढं जातो.

पोरं म्हणतात, डायनोसॉर.
कुळकर्णी आजोबांना डुक्कर वाटतं,
ते लांबून वळसा घालतात.

सोंडेच्या जागी एक फांदी फुटलीय,
पण तिला आभाळाकडं जायचंय.
धाकूनं सुतळीला अर्धी वीट बांधून
खाली लोंबत सोडलीय तिच्यावरून.
"वळंल. तीनेक वर्सं जातील."
तो फेब्रुवारीत रिटायर होतो.

परवा साहेब पाहणीला आले.
वही उघडली, हत्तीसमोर टिक केली,
कँटीन कुठंय विचारलं.

मी इथं साखरेसाठी चालते, सात फेऱ्या.
हल्ली बाटलीत मुद्दाम घोटभर जास्त भरते
आणि शेवटच्या फेरीला
त्याच्या पुढच्या पायाशी ओतते,
इकडंतिकडं बघून.

काल वीट सुटून पडली होती.
धाकू रजेवर.
मीच बांधली.
गाठ बहुतेक चुकलीय.