निरीक्षणवही

नोव्हेंबर संपता संपता सूर्य डोंगरामागे जातो
आणि ईसाफ्योर्दुरला दोन महिने फिरकत नाही.
त्याच आठवड्यात मी बालवाडीत रुजू झाले.
सकाळचे पावणेआठ. बाहेर रात्र.

थोर्दीस म्हणाली, आधी हातमोजे.
माझ्या पिशवीत विकासाच्या टप्प्यांचं जाडजूड पुस्तक,
पिवळ्या शाईने रेघा मारमारून ओलं झालेलं,
आणि समोर सतरा मुलं, चौतीस हातमोजे,
त्यातले सापडलेले एकोणतीस.
अंगठा काही केल्या अंगठ्याच्या घरात जाईना.
पुस्तकात या अंगठ्याबद्दल
एक ओळ नाही.

रात्री आकुरेरीहून व्याख्यानं येतात, पडद्यावर.
भावबंध, स्वनियमन, समावेशन.
शब्द वडिलांच्या बुटांसारखे,
घालून चालता येतं,
पण पाय आत सरकत राहतो.

पहिल्या निरीक्षणात मी लिहिलं : मिवोश उदास आहे.
थोर्दीसने खोडरबर पुढे केलं.
तुला काय ठाऊक? आत जाऊन आलीस?
दिसलं तेवढंच लिही.

मग लिहिलं :
मिवोश. तीन वर्षं, पाच महिने.
दुपारी साडेबारा. खिडकीशी उभा, एकोणीस मिनिटं.
काचेवर तोंडाची वाफ. वाफेवर बोट.
एक आडवी रेघ.
बाहीने पुसली. थांबला.
पुन्हा रेघ.

त्याची आई बंदरावर मासळीच्या कारखान्यात.
अंगाला कॉडचा वास येतो म्हणून
ती दारातच उभी राहते, आत ये म्हटलं तरी.
ती पोलिश बोलते, मी आइसलँडिक,
आणि मधे मिवोश,
दोन्ही भाषांत गप्प.

एका संध्याकाळी परीक्षेचं वाचायचं सोडून
मी एकच शब्द पाठ केला. भांडी घासताना,
जिना चढताना, उशीत तोंड खुपसून.
सकाळी त्याच्यासमोर उकिडवी बसले, हातमोजा धरून म्हटलं :
रेकाविका.

तो माझ्याकडे बघत राहिला,
चुलीवर दूध उतू जाताना माणूस बघतो तसा.
मग म्हणाला, अगदी हळू, मला जमेल इतकं हळू :
रेन्काविच्का.
मी म्हटलं. त्याने मान हलवली, नाही.
पुन्हा म्हटलं.
तिसऱ्यांदा त्याने अंगठा
आपणहून आत घातला.

हे सगळं वहीत आहे, वेळेसकट.
प्राध्यापकांचा शेरा आला : संदर्भ अपुरे.

जानेवारीत समोरच्या कड्यावर
उन्हाची कड दिसू लागली. रोज जराशी खाली.
मी वही उलटी चाळली.
काचेवरची त्याची रेघ, नऊ तारखेला : कपाळाच्या उंचीवर.
चौदाला : नाकाशी.
अठराला : हनुवटीच्या खाली.
मला वाटलं, की तोही

नाही. वाटलं ते लिहायचं नाही.

पंचवीसला ऊन गल्लीत उतरलं.
गावभर सूर्याची कॉफी, पातळ धिरडी, साखर.
मिवोशची आई आज उंबऱ्याच्या आत आली,
हात पाठीमागे लपवून.
थोर्दीसने तिला बशी दिली, त्यामुळे हात पुढे करावेच लागले.

मुलं अंगणात धावली, उघड्या हातांनी.
फरशीवर हातमोजे पडलेले.
मी मोजले. तेहतीस.