चिंच

आमच्याकडे म्हणायचे, नाणं वाजवून घ्यावं.
किडरमिन्स्टरच्या या ओट्यावर
मी ते फोटोत वाजवते.
एक पुढून, एक मागून, एक कडेचा,
उत्तरेच्या खिडकीपाशी, फ्लॅश न मारता,
खाली हेरंबच्या फाटक्या पँटीचा काळा तुकडा.
आवाज कसा आहे, असं कुणी विचारत नाही.
विचारतात, टपालखर्च धरून का?

रविवारी फुटबॉलच्या मैदानावर
गाड्यांच्या डिक्या उघडतात आणि माणसं घर विकायला बसतात.
तिथून आणली ही काचेची बरणी,
झाकणाला अजून कांद्याच्या लोणच्याचा वास.
तीनशे अकरा पेन्या, आठ पौंडांत.
बाद झालेला राजा किलोवर मिळतो,
हेरंब म्हणाला, आणि गाडी वळवली.

सात रात्री भिंगाखाली.
सगळ्या तशाच, गुळगुळीत, बोटांनी खाल्लेल्या.
मग एक. एकोणीसशे एकोणीस.
सालाच्या डाव्या अंगाला
मुंगीच्या पायाएवढी दोन अक्षरं: के, एन.
किंग्ज नॉर्टनची टांकसाळ, इथून तासाभरावर.
मी खुर्चीतून उठले. उगीचच. परत बसले.

आमटीसाठी भिजवलेली चिंच हाताशी होती.
हात आपोआप गेला.
कुणी सांगावं लागत नाही, तांबूस दिसलं की घासायचं,
हे हाताला माझ्याआधीपासून ठाऊक आहे.
शंभर वर्षांचं तपकिरी पाणी
सिंकच्या जाळीतून उतरलं
आणि पेनी गुलाबी निघाली,
न्हाऊन आलेल्या पोरासारखी.

मी लिहिलं: सुंदर, चमकदार.
शेवटच्या अकरा सेकंदांत दोघे भांडले.
अडतीस पौंड.
लेडबरीचे मिस्टर क्लाइव्ह प्रॉसर जिंकले.

नवव्या दिवशी माझंच पाकीट माझ्या दारात.
सोबत पेन्सिलीने, ओळी एकमेकींवर चढलेल्या:
मॅडम, हे धुतलेलं आहे.
तुम्ही फसवलंत असं मी म्हणत नाही.
पण याने एकशे चार वर्षं धरलेली कातडी
तुम्ही एका दुपारी काढलीत.
खाली फोन नंबर.

पैसे मी त्याच रात्री परत केले, टपालासकट.
फोन करायला दोन दिवस लागले.

नजर जवळजवळ गेलीय, म्हणाले,
फोटो नातू वाचून दाखवतो.
तो म्हणाला चकाकतंय, मला वाटलं, पोर आहे, बोलतंय.
हातात आलं तेव्हा कळलं, बोटाला काही बोलेचना.
बरं, आता ते तर्जनीच्या टोकावर तोलून धरा.
दुसऱ्या पेनीने कडेला टिचकी मारा.
फोन जवळ न्या.

मी मारली.
बारीक, लांब, बाहेरच्या बसच्या घरघरीतूनही
ऐकू येत राहिलेला आवाज.
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.
मग: खरी आहे. नुसती सोललीय.
आणि मग: लावलं काय होतंत?

चिंच, मी म्हटलं, म्हणजे टॅमरिंड.
आमच्या वूस्टरच्या सॉसात असते ती?
तीच.
हसताना त्यांना खोकला आला.
मी थांबून राहिले, संपेपर्यंत.

पुन्हा विकायला लावलीय.
फोटो तेच, तोच काळा तुकडा.
वर्णन बदललं:
एकोणीसशे एकोणीस, के एन.
चिंचेने घासलेली. दोष माझा.
आवाज खणखणीत.

तिघांची नजर आहे तिच्यावर, असं पान सांगतं.
बोली कुणीच लावत नाही.
झोपण्याआधी मी तिला बोटावर घेते, एकदाच,
आणि वरून हेरंब विचारतो,
काय पडलं गं?