सुट्टे

रामकुंडाच्या पायरीवरून भिवसन
दोरीला बांधलेलं लोहचुंबक पाण्यात सोडतो.
फुटक्या लाउडस्पीकरमधलं, बशीएवढं.
वर ओढतो: दोन रुपये, एक रुपया,
एक किल्ली, कुणाच्या कुलपाची कोण जाणे.
"ही घ्या तुम्हाला, तपासणीला."

मी त्याच्याच पायरीवर काचेची बाटली भरत असते.
"पाण्यात पाणीच शोधता होय, ताई?"

दुसरी बाटली टाकळीला,
जिथं नंदिनी सातपूर-अंबडचं सगळं अंगावर घेऊन
गोदेत शिरते, मान खाली घालून.

रात्री सूक्ष्मदर्शकाखाली
गाळणकागदावर एक निळा धागा.
भाजीच्या गोणीचा असेल, ताडपत्रीचा असेल.
नवा होता तेव्हा गुळगुळीत,
काही लागत नव्हतं अंगाला.
मग उन्हानं तडकला, खडकांवर घासला,
शेवाळाचा बुळबुळीत सदरा चढला,
आणि शिसं आलं, कॅडमियम आलं,
नळांना चकाकी देऊन उरलेलं निकेल आलं,
भेगाभेगांत बसलं
आपलंच घर असल्यासारखं.

दादा अंबडला
प्लेटिंगच्या हौदावर होते, अठ्ठावीस वर्षं.
बोटांच्या चिरांत हिरवट रेघ.
साबणाला दाद द्यायची नाही.
आई लिंबाची फोड घेऊन बसायची.
लिंबानं सुटायची.

भिवसनला म्हटलं,
तुझ्या चुंबकाला शिसं लागत नाही रे,
तांबंही नाही. या चिंध्यांना लागतं.
"मग ह्यांचंच चुंबक करा की!"
केलंय ना, भिवसन.
शहरानं कधीच केलंय,
सोडलंयही पाण्यात,
फक्त दोरी कुणाच्या हातात नाही.

धागा चिलापी गिळते.
तिच्या पोटात आंबट अंधार आहे.
तिथं पोहोचेपर्यंत
धाग्यानं काही म्हणजे काही सांडलेलं नसतं.
तिथं मात्र लिंबाची फोड.

अहवालात मी लिहिते:
आम्लता वाढल्यास धातू विलग होतात.
विलग. केवढा स्वच्छ शब्द.

बुधवारच्या बाजारात
मासेवाली खवले काढता काढता विचारते,
"सुट्टे आहेत का?"
मी पर्समध्ये हात घालते.
किल्ली निघते.