उतार

फुलेवाडी रिंगरोडच्या आत, तिसऱ्या गल्लीत,
आमच्या घरामागं पंधरा बाय बाराचा तुकडा आहे.
पूर्वी उसाचं रान. प्लॉट पडले, ऊस गेला,
काळी माती तेवढी राहिली, जुन्या कुळासारखी,
उठायला तयार नाही.

तरणा पाऊस येऊन गेला की तळं.
म्हातारा लागला की तेच तळं, वर शेवाळ.
शालन दोरीवरचे कपडे काढायला जाते
तर चप्पल मातीत राहते, पाय तेवढा वर येतो.
आणि चैत्रात हीच माती अशी फाटते
की नातीची गोटी भेगेत गेली
ती गेलीच.

संकेत चौगुले आला इचलकरंजीहून, टेम्पोत रोल घेऊन.
"काका, पस्तीस एमएमचं गवत. बुडाला भोकं आहेत.
पाणी असं जातंय बघा खाली."
बाटली ओतून दाखवली. बाटलीतलं पाणी गेलं.
मी विचारलं, "खाली म्हणजे कुठं?"
तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

शिरोलीच्या फौंड्रीत मी एकतीस वर्षं मोल्डर होतो.
वाळूत चिकणमाती किती, हे बोटं सांगायची.
कमी पडली तर साचा ढासळतो.
जास्त झाली तर वाफेला वाट मिळत नाही,
मग लोखंड आतल्या आत फोड धरतं,
वरून गुळगुळीत.
मशीनवर चढल्यावर कळतं. तोवर शिफ्ट संपलेली असते
आणि नाव आपलंच निघतं.

म्हणून म्हटलं, बाबा, तुझा गालिचा राहू दे टेम्पोत.

नऊ इंच माती काढली. चार दिवस लागले.
कुदळ मारावी तर मातीच कुदळ धरून ठेवायची.
दहा फुटाला दोन इंच उतार,
पाणी भरलेल्या नळीनं लेव्हल बघून.
कडेनं भोकाचा पाइप, जाळी गुंडाळून.
त्यावर खडी, खडीवर कच, कच धुमसानं ठोकून.
शालन दारातून म्हणाली,
"गवताला पाया घालताय का मजल्याला?"
म्हटलं, हे गवत नव्हेच.
"मग आणलं कशाला?"
मी धुमस उचललं.

पुढच्या आषाढात अंगण कोरडं.
गार्गी अनवाणी बॉल मारत होती भर पावसात,
आणि मी खुर्ची टाकून बघत होतो,
पहिलं कास्टिंग फोडताना बघायचो तसा.
तेवढ्यात जिनगोंडा मगदूम आला,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
"तुमचं पाणी आमच्याकडं मुक्कामाला आलंय."

गेलो. बघितलं.
पाइपाचं तोंड मी त्याच्या भिंतीशीच सोडलं होतं.
वरून गुळगुळीत. फोड शेजाऱ्याच्या दारात.
संकेतला विचारलेला प्रश्न
स्वतःला विचारायचा राहिला होता.

अकरा फूट चर आणखी खोदली, त्याच्या अंगणातून गटारापर्यंत.
निम्मा खर्च तो द्यायला लागला, मी घेतला नाही.
मगदूम वहिनींनी चरीच्या काठाला कर्दळ लावली,
ती आता माझ्यापेक्षा उंच आहे
आणि माझ्या चुकीवर वाढलीय
हे फक्त आम्हा तिघांना माहीत.

आता चैत्र आहे.
दुपारी ते हिरवं असं तापतं
की कुत्रंसुद्धा कडेनं जातं.
चारच्या सुमाराला शालन बादली आणून
प्लास्टिकवर पाणी मारते.
मी काही बोलत नाही. तीच बोलते,
"एवढा उतार कशाला ठेवलात, थांबतच नाही बघा जरा."

जिथं गवत संपतं, भिंतीच्या अलीकडं,
चार बोटं काळी अजून उघडी आहे.
तिला भेग पडलीय.
काल वाकून बोट घातलं,
गोटी काही लागली नाही.
आत गार होतं.