गोटी सोडा

बंदराकडे उतरताना डाव्या हाताला आमचा कारखाना.
कारखाना म्हणजे हाताने फिरवायचं लोखंडी खोकं,
चोवीस बाटल्या,
आणि भिंतीला साखळीने बांधलेला सिलिंडर.

कुडाळहून टेम्पो येतो. आताशा त्यात दोन असतात:
एक माझा, दुसरा माळावरच्या भात-केंद्राचा.
गॅस तोच.
मी तो पाण्यात कोंबतो,
नार्वेकर बाई रोपांना पाजतात.

एकदा उतरवायला गेलो.
उघड्या माथ्याच्या प्लास्टिकच्या कोठ्या,
आतला भात बाहेरच्याहून चार बोटं उंच, गर्द.
म्हटलं, मग चिंता कसली बाई?
अख्ख्या वेंगुर्ल्याला सोडा पाजू!

त्या हसल्या नाहीत. तळव्यावर दाणे ठेवले.
"पेंढा वाढला. दाणाही आला, पण सत्त्व उतरलंय.
आणि ती पलीकडची कोठी बघा,
तिला गॅसबरोबर उष्माही दिलाय."
तिथल्या लोंब्या ताठ उभ्या.
पोटात काही नाही, तर मान कशाला वाकेल?

बांधावर रानमोडी मात्र मजेत होती.

वडिलांनी खोकं आणलं अठ्ठावन्न साली.
तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत हा गॅस तीनशे पंधरा,
आता चारशे वीसच्या वर, बाई म्हणाल्या.
बापाची उधारी मी फेडली, वहीत आहे.
ही कोणाच्या नावावर मांडू?
माझ्या बाटल्यांचा हिस्सा शिंकेएवढाही नसेल.
तरी हात पुसले लुंगीला.

दुपारी कार्मेलीन तिसऱ्यांची पाटी टेकवते,
एक लिंबू-सोडा उधार पिते.
"शिंपल्यो पातळ झाल्यो रे, नखान मोडतत."
बाईंना विचारलं. म्हणाल्या,
इथल्या तिसऱ्या अजून कोणी मोजल्या नाहीत,
तिचं खरं की नखं राठ झालीत, सांगता येत नाही.
पण समुद्र हा गॅस पितो,
आणि पिऊन आंबटाकडे झुकतो, एवढं नक्की.

गरम सोड्याचं मला कोणी शिकवू नये.
उन्हात राहिलेली बाटली उघडा:
सगळा गॅस तोंडावर,
मागे मचूळ पाणी.
बाटलीला निदान गोटी असते.

शनिवारी रिकामा सिलिंडर टेम्पोत चढवतो.
एका हाताने उचलला जातो, इतका हलका.
चाळीस वर्षं उचलतोय.
आतला गेला कुठे,
हे मनात यायला
माळावर जावं लागलं.