फुलीची जागा

सेवा केंद्रात कॉम्प्युटर एकच आहे,
पण फुल्या चार तऱ्हेच्या.

इंटरनेटच्या टॅबला ती उजव्या कानात,
डुलासारखी.
मराठी टायपिंगवाल्यात डावीकडे.
पंचायतीच्या हिशेबात टॅब नऊ
आणि फुली सगळ्यांत मिळून एक, पार कोपऱ्यात,
आमच्या टोलीवरच्या बोरिंगसारखी.
चौथ्यात तर दिसतच नाही.
माऊस वर नेला की डोळा उघडते,
काढला की झोपते.

दीड वर्ष झालं मला इथं, सिंदेवाहीच्या अलीकडे.
पंखा एक, खुर्च्या दोन, इन्व्हर्टर अर्धा.
कुठे काय आहे ते डोक्याला ठाऊक,
पण बोटं मेली सासर बदलल्यावरही
माहेरच्या खुंटीवर टॉवेल टाकायला जातात.

मे महिना, सेहेचाळीस.
कवडू मुनशी आले, डोक्याला ओला दुपट्टा,
तेंदूपत्त्याच्या बोनसची यादी करायची होती.
वही?
वाळवीनं खाल्ली बाई.
आकडे डेपोत आहेत, नावं माझ्यापाशी.
आणि डोळे मिटून बसले,
पहिल्या घरापासून निघाले:

मनाबाई सोनू गेडाम.
झिबल नारायण शेडमाके.
तिच्या बाजूची, ते कवेलूचं घर,
हां, रायबाई, नवऱ्याचं नाव टाक तुळशीराम.

ते गल्लीतून चालत होते, मी मागून टाइप करत.
मोहाच्या झाडाशी वळलो, नावं पन्नास.
शाळेच्या मागं, ब्याऐंशी.
सत्त्याण्णव झाली तेव्हा
मधेच कुणाच्या आधारचं पान उघडं दिसलं,
म्हटलं आधी हे बंद करू.

हात गेला वर, उजवीकडे,
रोजच्यासारखा.
ती फुली टॅबची नव्हती,
अख्ख्या सॉफ्टवेअरची होती.

कोरं पान उघडून नुसतं बंद केलं
तरी दहादा विचारतात बाकीचे,
जतन करायचं का, नक्की का, पुन्हा एकदा बघा.
हे काहीच बोललं नाही.
सत्त्याण्णव माणसं घेऊन निघून गेलं.

पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
कवडूजींनी डोळे उघडले.
का झालं?

मी सांगितलं. इथं उजवीकडे, तिथं डावीकडे,
त्यात सगळ्यांची मिळून एक,
त्यात लपलेली.
त्यांनी ऐकून घेतलं, दुपट्टा पिळला दाराबाहेर.

पुड्यात पानं किती?
सत्तर.
नवरगावच्या फडीवर?
सत्तर.
एटापल्लीकडे?
तिथंही सत्तरच.
मंग?

एवढंच.
आणि कॉम्प्युटरकडे पाहिलं,
शहरातून शिकून आलेल्या पोराला
पुड्याची गाठ मारता येऊ नये
तेव्हा पाहतात तसं.

पुन्हा डोळे मिटले.
मनाबाई सोनू गेडाम.
या वेळी मी दर नावाला जतन करत गेले,
आणि ते हळू चालले, दारात थांबत थांबत.
मोहाच्या झाडाशी मी म्हटलं, एक्कावन्न.
मघाशी पन्नास होती.
हो, म्हणाले, बिरजा सुटली होती,
आंधळी आहे, पण पानं मोजते बोटांनी.
तिचं घर आत आहे थोडं,
घाईत दिसत नाही.

एकशे तेरा झाली शेवटी.
आता बंद करायचं होतं आणि माझा हात उचलेना.
भाच्यानं एकदा सांगितलं होतं, मावशी,
दोन बटणं दाबायची, फुली शोधायचीच नाही,
कुठेही चालतं.
इंटरनेटवर चाललं.
टायपिंगमध्ये चाललं.
लपल्या फुलीवालंही मिटलं.
हिशेबवाल्यात, जिथं यादी होती,
तीच दोन बटणं दाबली
आणि कोपऱ्यातला प्रिंटर खाकरला.

चार कागद आले, गरम.
पाचवा अर्ध्यात लाइट गेली,
इन्व्हर्टर विचारात पडला, मग ओढला त्यानं.

कवडूजींनी पाचही घेतले,
कडा जुळवून घडी केली,
बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.
चला, म्हणाले,
वही झाली.